शीला स्कॉट : विमान आणि आवाज

ध्वनिलहरी (कोथरूड)

१८ मे १९६६ रोजी एक बाई एका इंजिनाच्या पायपर कोमांचे विमानातून लंडनहून एकटीच निघाली आणि ३३ दिवसांनी, २० जूनला, पृथ्वीला फेरी घालून परत लंडनलाच उतरली. सुमारे ३१,००० मैलांचे, म्हणजे जवळजवळ ५०,००० किलोमीटरचे, अंतर तिने १८९ तासांच्या उड्डाणात कापले होते. विमानाचे नाव 'मिथ टू' आणि बाईंचे नाव शीला स्कॉट. ब्रिटिश वैमानिकाने हलक्या विमानातून एकट्याने केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होती. मराठीत त्यांच्याविषयी माझ्या वाचनात फारसे काही आले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

मी पुण्यात आकाशवाणीवर बरीच वर्षे नैमित्तिक निवेदिका म्हणून काम केले. विमानातले मला फार कळत नाही. परंतु बंद खोलीत, समोर कोणी नसताना, हजारो माणसांशी बोलायचे म्हणजे काय, हे मला चांगले ठाऊक आहे. शीलाबाईंचे चरित्र मी त्याच बाजूने वाचले. त्या जितक्या वैमानिक होत्या तितक्याच बोलणाऱ्या, सांगणाऱ्या होत्या, आणि हे दुसरे कौशल्य नसते तर पहिले त्यांना परवडलेच नसते, असे माझे मत झाले आहे.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १९२२ रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. मूळ नाव शीला क्रिस्टीन हॉपकिन्स. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हॅस्लर येथील नौदलाच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले आणि त्याच काळात नाटकात व पुढे चित्रपटांत लहानमोठ्या भूमिका करायला सुरुवात केली. 'शीला स्कॉट' हे त्यांनी रंगभूमीसाठी घेतलेले नाव. १९४५ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि १९५० मध्ये ते संपुष्टात आले. माहेरचे नाव गेले, सासरचे गेले, पण स्वतः निवडलेले हे नाव मात्र शेवटपर्यंत राहिले. अभिनेत्री म्हणून त्यांना मोठे यश मिळाले नाही. तरीही श्वास कुठे घ्यावा, वाक्य कुठे थांबवावे आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोहोचवावा, हे त्या तिथे शिकल्या, आणि ते पुढे वाया गेले नाही.

विमान चालवायला त्या शिकल्या पस्तिशी ओलांडल्यावर, १९५०च्या दशकाच्या अखेरीस. पहिले विमान घेतले तेही जुनेच. टायगर मॉथ या दोन पंखांच्या प्रशिक्षण विमानाला रुंद करून चार माणसांसाठी केलेले ते 'थ्रक्स्टन जॅकरू' होते, आणि त्याचे नाव त्यांनी 'मिथ' ठेवले. त्यावर त्या शर्यतींत उतरू लागल्या. १९६५ मध्ये त्यांनी ३६ तासांत युरोपातील हलक्या विमानांचे १५ विक्रम नोंदवले, आणि पुढच्याच वर्षी वर सांगितलेली पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९६७ मध्ये लंडन ते केपटाऊन हा विक्रम झाला. १९६८ मध्ये त्यांना 'ओबीई' हा ब्रिटिश सरकारचा सन्मान मिळाला.

आता पैशाचा प्रश्न, कारण तो सोडून या आयुष्याविषयी लिहिणे मला अपुरे वाटते. त्या काळात विमान कंपन्यांची दारे स्त्री वैमानिकांना जवळजवळ बंद होती, त्यामुळे पगारी वैमानिक होऊन उडत राहण्याचा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. विमान, इंधन, विमा, दुरुस्ती, प्रत्येक देशाची परवानगी, हे सगळे प्रायोजकांच्या आणि कर्जाच्या आधारावर उभे करावे लागे. प्रायोजकाला हवी असते प्रसिद्धी, आणि प्रसिद्धी मिळते ती बोलण्यातून: व्याख्याने, रेडिओ व दूरचित्रवाणीवरील मुलाखती, लेख, पुस्तके. म्हणून उड्डाण संपले की त्यांचे दुसरे काम सुरू होई. थकलेल्या शरीराने विमानातून उतरायचे आणि लगेच ताज्या आवाजात बोलायचे, हे मला वाटते उड्डाणाइतकेच कठीण असावे. सकाळी पावणेसहाच्या प्रसारणासाठी पहाटे स्टुडिओ गाठून, रात्री झोप झालेली नसतानाही 'सुप्रभात' प्रसन्न स्वरात म्हटलेल्या कोणालाही हे पटेल.

१९७१ मधील त्यांचे उत्तर ध्रुवावरील उड्डाण मला सर्वांत विलक्षण वाटते. या वेळी विमान दोन इंजिनांचे होते, पायपर अ‍ॅझ्टेक, नाव 'मिथ्रे'. विषुववृत्तापासून निघून ध्रुवावरून पलीकडे पुन्हा विषुववृत्तापर्यंत, असा तो मार्ग होता, आणि हलक्या विमानातून हे पूर्वी कोणी केलेले नव्हते. नॉर्वेतील अँडोया, ग्रीनलंडच्या उत्तर टोकाकडील नॉर्ड आणि तिथून ध्रुवावरून अलास्कातील बॅरो, असे ते बर्फावरचे टप्पे होते. विमानात एक उपकरण बसवले होते, त्याचे संदेश अमेरिकेचा 'निंबस' उपग्रह टिपत असे आणि त्यावरून जमिनीवरच्या शास्त्रज्ञांना विमान कुठे आहे हे कळे. त्यांच्या शरीरावरील परिणामांची नोंदही या प्रवासात घेतली जात होती. खाली वस्ती नाही, होकायंत्रावर विसंबता येत नाही, बोलायला जवळ माणूस नाही, आणि वरून जाणारा एक उपग्रह तेवढा ऐकतो आहे. अशा वेळी त्या काय पुटपुटल्या असतील, हे मनात येत राहते.

अखेरची वर्षे त्यांनी लंडनमध्ये आर्थिक ओढगस्तीत काढली. २० ऑक्टोबर १९८८ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शंभराहून अधिक विक्रम नावावर असलेल्या व्यक्तीला म्हातारपणी पैशाची चिंता करावी लागली, हे वाचून मला फार वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे इथे लिहून ठेवावेसे वाटले.

कर्कवृत्त (सदाशिव पेठ)

ध्वनिलहरीताई, लेख आवडला. आपण 'ब्रिटिश वैमानिकाने केलेली पहिली' असे नेमके लिहिले हे बरे केले, कारण अनेक ठिकाणी शीला स्कॉट यांनाच जगातील पहिली स्त्री ठरवले जाते. तो मान अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या जेरी मॉक यांचा आहे. १९ मार्च १९६४ रोजी कोलंबस शहरातून त्या अकरा वर्षे जुन्या सेस्ना १८० विमानातून निघाल्या आणि १७ एप्रिलला तिथेच परतल्या. एकूण २९ दिवस, ११ तास, ५९ मिनिटे. तीन मुलांची आई, वय ३८, आणि उड्डाणाचा अनुभव साधारण ७५० तास. त्यांच्या मार्गात कराची, दिल्ली आणि कोलकाता ही ठिकाणे होती.

अंतराविषयी एक गोष्ट सांगतो, ती भूगोलाच्या शिक्षकाला विशेष भावणारी आहे. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार पृथ्वीप्रदक्षिणा म्हणवून घेण्यासाठी विषुववृत्ताएवढे अंतर कापावे लागत नाही, कर्कवृत्ताच्या लांबीइतके, म्हणजे ३६,७८७ किलोमीटरहून थोडे अधिक, अंतर पुरते. मॉकबाईंचा प्रवास सुमारे २२,८६० मैलांचा होता. किलोमीटरमध्ये रूपांतर करून पाहिल्यास तो या किमान मर्यादेच्या अगदी जवळ जातो. याउलट शीलाबाईंचे ३१,००० मैल विषुववृत्ताच्या परिघापेक्षाही बरेच अधिक आहेत. म्हणून 'पहिली कोण' आणि 'लांबचा पल्ला कोणाचा' या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येतात, आणि दोन्ही बायकांचे काम कमी होत नाही.

त्याच वेळी जोन मेरियम स्मिथ ही आणखी एक अमेरिकन वैमानिक मॉकबाईंच्या दोन दिवस आधी, १७ मार्चला, १९३७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करताना बेपत्ता झालेल्या वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांच्या मार्गाने निघाली होती. तिचा मार्ग लांबचा होता आणि ती १२ मे रोजी परतली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६५ मध्ये, तिचा विमान अपघातात मृत्यू झाला. तिचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

लघुलहरी (येरवडा)

मी बिनतारी यंत्रणेच्या दुरुस्तीत आयुष्य घालवले आहे, म्हणून या धाग्यात आवाजाची जी बाजू आली आहे, तिच्यातील तांत्रिक भाग थोडा उलगडतो.

लहान विमानातून बोलायचे दोन मार्ग असतात. पहिला अतिउच्च वारंवारतेचा, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. आपल्या घरातील एफएमचा पट्टा १०८ला संपतो, त्याच्या थोडा वर हा सुरू होतो. या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईआड गेले की संबंध तुटतो. १०,००० फूट उंचीवरून त्यांचा पल्ला साधारण सव्वादोनशे किलोमीटर मिळतो. पुण्यावरून उडणाऱ्याला मुंबईशी बोलायला तो पुरेसा आहे, पण अटलांटिकच्या मध्यावर त्याचा काही उपयोग नाही. दुसरा मार्ग लघुलहरींचा, ३ ते ३० मेगाहर्ट्झ. या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. परंतु त्यांना लांब अँटेना लागते, म्हणून लहान विमानाच्या मागे एक तार सोडावी लागे, आणि ती उतरण्यापूर्वी मोटरने गुंडाळून घ्यावी लागे.

जेरी मॉक यांच्याबाबत हाच दुसरा मार्ग पहिल्याच टप्प्यात बंद पडला. नंतर तपासल्यावर असे आढळले की लघुलहरी संचाची जोडणीच काढून ठेवलेली होती. पुढे लिबियाहून कैरोकडे जाताना वाळवंटावर त्या तारेची मोटर थांबेना, आणि तापून जळका वास येऊ लागला. खुर्च्या काढून तिथे इंधनाच्या जादा टाक्या बसवलेल्या, आणि त्यांच्याजवळच ही आग लागण्याची शक्यता. त्यांनी ती मोटर बंद केली आणि पुढे गेल्या. माझ्या दृष्टीने त्या संपूर्ण प्रवासातील सर्वांत धोक्याचा क्षण हाच होता.

ताई, आता आपल्या क्षेत्राशी संबंधित एक गोष्ट. त्या काळातील विमानांत दिशाशोधक नावाचे उपकरण असे. एखादे केंद्र लावले की त्याची सुई त्या केंद्राकडे वळून राही. ते उपकरण मध्यम लहरींवरही चाले, त्यामुळे विमानतळाच्या खास दिशादर्शक रेडिओ केंद्राऐवजी वैमानिक साधे रेडिओ केंद्रसुद्धा लावू शकत असे. आपले पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. आपण स्टुडिओत बसून कार्यक्रमाची घोषणा करत असताना एखाद्या विमानातील सुई आपल्या प्रक्षेपण मनोऱ्याकडे वळलेली असणे पूर्णपणे शक्य होते. संध्याकाळी आणि रात्री मात्र ही सुई भरकटते, कारण तेव्हा आकाशातून परत येणाऱ्या लहरी जमिनीवरून येणाऱ्या लहरींत मिसळतात.

ध्वनिलहरी (कोथरूड)

लघुलहरीकाका, हे मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मी आपली निरोप, पत्रोत्तरे आणि बाजारभाव वाचत होते, आणि त्याच लहरीवर कोणाला पुण्याची दिशा मिळत असेल, ही कल्पनाच मनात आली नव्हती. मनापासून आभार.

तर्कसंगत (औंध)

लेखाविषयी आदर राखून एक आक्षेप नोंदवतो. शंभराहून अधिक विक्रम हा आकडा ऐकायला भव्य वाटतो, परंतु विक्रमांची पद्धत समजून घेतल्याशिवाय तो वापरू नये. विमानांचे वजनानुसार वर्ग पाडलेले असतात, आणि प्रत्येक वर्गात एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंतचा वेग हा स्वतंत्र विक्रम धरला जातो. ज्या दोन शहरांमध्ये त्या वर्गाचे विमान पूर्वी कोणी नोंद करून नेलेले नाही, तिथे पहिले पोहोचणाऱ्याच्या नावावर विक्रम लागतो. एका लांबच्या उड्डाणात असे अनेक विक्रम साठतात. म्हणजे आकडा खरा असूनही त्यावरून वैमानिकाचे कौशल्य मोजता येत नाही. ध्वनिलहरीताई म्हणतात त्याप्रमाणे प्रायोजकांसाठी आकडा लागत असेल, तर तो प्रायोजकांचा आकडा आहे असेच म्हणावे.

ध्वनिलहरी (कोथरूड)

आपला मुद्दा मला मान्य आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा होता. विक्रमांच्या संख्येवर मी भर द्यायला नको होता. ३६ तासांत १५ विक्रम होतात ते याच पद्धतीमुळे, हे उघड आहे. तरीही त्या ३६ तासांत विमान चालवणारी व्यक्ती एकच होती, एवढे लक्षात ठेवू. मला त्यांच्या बाबतीत १९६६चे १८९ तास आणि १९७१चे ध्रुवावरील उड्डाण ही दोनच कामे पुरेशी वाटतात.

प्रायोजकांच्या आकड्याविषयी मात्र मी थोडी वेगळी बाजू मांडते. जेरी मॉक यांना प्रसिद्धीची आवड नव्हती. सौदी अरेबियात धाहरानला त्या उतरल्या तेव्हा जमलेल्या लोकांनी कॉकपिटमध्ये डोकावून पाहिले, आत पुरुष नाही याची खात्री करून घेतली, आणि मग टाळ्या वाजवल्या. मे १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना सुवर्णपदक मिळाले. आणि एवढे होऊनही काही वर्षांत त्यांच्या देशातील बहुतेक लोक त्यांना विसरले. त्यांच्यानंतर दोन वर्षांनी उडालेल्या शीलाबाई मात्र सतत बोलत राहिल्यामुळे लोकांसमोर राहिल्या. यात कोणाचे चुकले असे मला म्हणायचे नाही. स्वतःची गोष्ट स्वतः न सांगणाऱ्या स्त्रीची गोष्ट दुसरे कोणी आपणहून सांगत नाही, हे मी मुलाखती घेताना वारंवार पाहिले आहे.

गंधर्ववेळ (हडपसर)

आमच्या घराजवळ ग्लायडिंग सेंटर आहे, त्यामुळे इंजिन नसलेले विमान शांतपणे डोक्यावरून जाताना मी लहानपणापासून पाहिले आहे. धागा परदेशातील स्त्रियांविषयी आहे. त्याला लागूनच आपल्याकडील एक नाव जोडतो. १९३६ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडवले आणि पुढे हजार तासांचे उड्डाण पूर्ण केले. १९३९ मध्ये त्यांचे वैमानिक पती विमान अपघातात गेले. त्यानंतर त्यांना व्यावसायिक परवाना घ्यायचा होता, परंतु महायुद्ध सुरू झाले आणि नागरी प्रशिक्षण थांबले. त्या लाहोरच्या मेयो कलाशाळेत चित्रकला शिकल्या, आणि फाळणीनंतर दिल्लीत येऊन दागिने व कापडावरील नक्षीकाम यांत त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभा केला. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

शीलाबाईंकडे रंगभूमीचा आवाज होता आणि प्रायोजक मिळवण्याची सोय होती. ठकराल यांच्याकडे हजार तास होते, तरी पुढचा दरवाजा युद्धाने लावून घेतला. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता ते सिल्चर या फोकर विमानाचे नेतृत्व केले आणि त्या विमानाच्या सहवैमानिकही स्त्रीच होत्या. ते आडनाव मराठी असल्यामुळे मला आजही ते सांगताना अभिमान वाटतो.

मुळाकाठ (बाणेर)

या धाग्यावर मी आज प्रथमच लिहिते आहे. माझी मुलगी बारामतीला विमान प्रशिक्षण घेते आहे. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांपैकी तिचे साठ तास झाले आहेत. विमान ती आत्मविश्वासाने चालवते, असे तिचे प्रशिक्षक सांगतात. पण बिनतारी संभाषणाची, म्हणजे आरटीआरची, परीक्षा तिला जड जाते आहे. घरी ती व्यवस्थित बोलते. कानाला हेडफोन लावून परीक्षकासमोर बसली की शब्द एकमेकांत अडकतात, आकडे चुकतात, आणि समोरून सूचना आली की ती परत म्हणताना निम्मी विसरते. ध्वनिलहरीताई, आपण आवाजाविषयी एवढे लिहिले आहे, म्हणून धीर करून विचारते: याला काही उपाय आहे का?

लघुलहरी (येरवडा)

मुळाकाठताई, विमानाच्या संभाषणात आकड्यांचे उच्चार मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, ते तिने आधी पक्के करावेत. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर', हजारला 'टाउजंड'. खरखर आणि इंजिनाचा आवाज यांत 'फाइव्ह' आणि 'नाइन' कानाला सारखे लागतात, म्हणून ही योजना आहे. दिशा सांगताना प्रत्येक अंक सुटा म्हणावा. कारण समजले की पाठ करणे सोपे जाते.

ध्वनिलहरी (कोथरूड)

मुळाकाठताई, याला उपाय नक्की आहे. आपल्या मुलीचा आवाज घाबरत नाही, तिचा श्वास घाबरतो. नवीन निवेदकाचे नेमके असेच होते: लाल दिवा लागला की तो श्वास रोखून बोलायला सुरुवात करतो आणि तिसऱ्या शब्दाला अडकतो. तिला सांगा, बोलण्याचे बटण दाबण्यापूर्वी पूर्ण श्वास सोडायचा, मग अर्धा घ्यायचा, आणि वाक्य मनात एकदा म्हणून झाल्यावरच बटण दाबायचे. बटण दाबल्यावर लगेच बोलू नये, नाहीतर पहिले अक्षर कापले जाते. ही चूक आम्हीही करत असू. सूचना परत म्हणण्यासाठी मांडीवर वही ठेवून फक्त आकडे टिपायचे, शब्द टिपायचे नाहीत, कारण शब्द ठरलेलेच असतात.

रविवारी ती पुण्यात येत असेल तर तिला माझ्याकडे पाठवा. मी विमानतळाचा नियंत्रक होईन, दारापलीकडच्या खोलीतून बोलेन, आणि मध्येच मिक्सर सुरू करेन, म्हणजे खरखरीची सवय होईल. सूचना मात्र मला लिहून द्याव्या लागतील. लघुलहरीकाका, आपण येरवड्याहून येऊ शकलात तर नियंत्रकाचे काम आपणच करावे आणि मी तिच्या शेजारी बसेन. चार वाजता सुरू करू.

लघुलहरी (येरवडा)

रविवारी चारला येतो. माझ्याकडे जुने दोन हेडफोन आणि एक छोटा ध्वनिवर्धक आहे, तो घेऊन येईन. मुलीला सांगा, वही आणि पेन्सिल आणावी, पेन नको.

मुळाकाठ (बाणेर)

तिला विचारले. ती शनिवारी रात्रीच्या एसटीने येते आहे.